होडीवरचा अखेरचा हात

सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावर, एका स्तंभात, पूर आलेल्या नदीचे दृश्य कोरलेले आहे. नैरंजनेच्या पुरात बुद्ध सापडले असतील या धास्तीने काश्यप होडीतून त्यांच्या शोधास निघाला आहे, असा तो प्रसंग. त्या काळच्या शिल्पसंकेतानुसार बुद्धांची मूर्ती तेथे नाही. ते पाण्यावरून कोरड्या पायांनी चालत गेले, हे एका शिलापट्टाने केवळ सुचविले आहे. यात्रेकरूची दृष्टी साहजिकच त्या चमत्कारावर खिळते. परंतु त्याने क्षणभर चमत्कार बाजूस ठेवून काश्यपाच्या होडीकडे पाहावे. ती होडी फळ्यांची असून तिच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. त्या शिवलेल्या आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील त्या अनाम शिल्पकाराने दगडात चक्क दोरीचे टाके कोरले आहेत.

या टाक्यांनी एक प्रश्न मनात उभा केला आणि त्याचाच हा थोडा विस्तार आहे. होडी तयार झाली असे केव्हा म्हणावे? सुताराने वाकस खाली ठेवली म्हणजे? तसे म्हणता येणार नाही. वाकशीखालून निघाली तेव्हा ती होडीच्या आकाराचे लाकूड असते. त्या लाकडाला पाण्यात घालण्याजोगे करणारी कामे त्यानंतर सुरू होतात : काठ चढविणे, शिवणे, सांधे बुजविणे, तेल पाजणे, तोल सांभाळणारी उलांडी बांधणे, डोलकाठी आणि शीड चढविणे. नौकानयनाच्या इतिहासात जहाजांचे आकार, बंदरांची नावे आणि व्यापाराची गणिते विपुल सापडतात. या अखेरच्या हाताचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच, आणि तोही बहुधा परक्या प्रवाशाच्या तक्रारीच्या रूपाने येतो. म्हणून त्या तक्रारींपासूनच हा इतिहास उकलावा लागतो.

आरंभ अर्थातच झाडापासून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होडीचे सर्वांत साधे रूप म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली होडी. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात मलबारच्या मिरीविषयी लिहिताना, ती मिरी बेकरे बंदरापर्यंत एकाच खोडाच्या होड्यांतून आणली जाते, अशी नोंद केली आहे. रोमच्या श्रीमंतांच्या ताटात पडणाऱ्या त्या मिरीचा पहिला प्रवास अशा गरीब होडीतून होत असे. २००७ साली कोडुंगल्लूरजवळच्या पट्टणम् या गावी उत्खनन चालू असता पाणथळ चिखलात सुमारे सहा मीटर लांबीची अशीच एक होडी सापडली. जवळच नावा बांधून ठेवण्याचे सागवानी खुंटही मिळाले. होडीचे लाकूड आयनीचे, म्हणजे ज्याला मराठीत पाटफणस किंवा रानफणस म्हणतात त्या वृक्षाचे आहे, आणि तिचा काळ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा ठरविण्यात आला आहे. प्लिनीच्या वाक्याला जणू चिखलातून साक्षीदार मिळाला. दोन हजार वर्षांनंतरही मलबारात होडीसाठी पहिली पसंती आयनीलाच होती. फणस आणि आंबा त्याच्या मागोमाग येत.

खोड कोरून काढलेल्या होडीची रुंदी झाडाच्या जाडीपलीकडे जाऊ शकत नाही आणि तिचे काठ ठेंगणे राहतात. शांत खाडीत एवढ्याने भागते, पण समुद्राची लाट ते जुमानत नाही. तेव्हा काठावर आणखी एक फळी चढवावी लागते, आणि ती खोडाशी जखडण्याचा प्रश्न निर्माण होतो. आपल्या किनाऱ्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे शिवण. केवळ फळ्यांच्या मोठ्या नावांतही तेच उत्तर चालले. केरळातील ‘केट्टुवळ्ळम्’ या भातवाहू नावेचे नावच मुळी बांधलेली होडी असे आहे. आज प्रवाशांना मिरविणाऱ्या तिथल्या घरनौका या नावेच्याच वारसदार होत.

ही शिवण म्हणजे कसेबसे बांधणे नव्हे. दोन फळ्यांच्या कडा आधी एकमेकींस बिनचूक भिडाव्या लागतात. तेथे केसभर फट राहिली तर पुढचा कोणताही उपाय तिला झाकू शकत नाही. मग दोन्ही कडांना समोरासमोर भोके पाडावयाची. सांध्यावर आतल्या बाजूने काथ्याची जाड वळी ठेवावयाची आणि सुंभाची दोरी या भोकातून त्या भोकात, वळीवरून आडवी-तिडवी ओढत न्यावयाची. एक जण आतून आणि एक जण बाहेरून असे दोघे समोरासमोर बसतात. प्रत्येक टाका खेचून, ठोकून, घट्ट झाल्याची खात्री होईपर्यंत पुढला टाका पडत नाही. बाहेरच्या अंगाला दोरी वाळूवर घासून तुटू नये म्हणून तिच्यासाठी लाकडात बारीक चर खणतात, म्हणजे टाका लाकडाच्या पातळीखाली दडतो. शेवटी प्रत्येक भोक काथ्या आणि राळ यांनी बुजवावयाचे. होडी पाण्यात पडली की लाकूड आणि काथ्या दोन्ही फुगतात आणि सांधा आपोआप आवळला जातो. जे पाणी होडीत शिरू पाहते तेच तिची दारे लावून घेते.

या शिवणीचा सगळा भार काथ्यावर असतो, आणि म्हणून काथ्याचा इतिहास हा होडीच्याच इतिहासाचा एक भाग आहे. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात किंवा किनाऱ्याच्या वाळूत महिनोन् महिने कुजवावी लागतात. मग ती कुटून तंतू मोकळे करावयाचे, वाळवावयाचे आणि वळावयाचे. खाऱ्या पाण्यात दुसऱ्या दोऱ्या सडतात तेथे काथ्या टिकतो. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने आपल्या समुद्रातील द्वीपांचे दोन वर्ग सांगितले. एकांना त्याने कवड्यांची द्वीपे म्हटले आणि दुसऱ्यांना ‘कंबार’ची, म्हणजे काथ्याच्या दोरांची द्वीपे. एखाद्या भूभागाची ओळख त्याच्या राजावरून वा देवतेवरून न होता तेथल्या दोरीवरून व्हावी, यातच त्या दोरीचे मोल दिसते. पुढे लक्षद्वीपवर कण्णूरच्या अली राजांची सत्ता आली तेव्हा त्यांनी काथ्याचा मक्ता आपल्याकडे घेतला. बेटावरच्या लोकांनी काथ्या ठरलेल्या दराने त्यांनाच द्यावा आणि मोबदल्यात तांदूळ घ्यावा, असा तो व्यवहार होता. तो इतका जाचक झाला की अमिनीकडील बेटांनी १७८७ साली टिपू सुलतानाचा आश्रय घेतला. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर ती बेटे इंग्रजांकडे गेली. मूठभर दोरीने राज्यांच्या सीमा हलविल्या, ही गोष्ट सामान्य नव्हे.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. काथ्या कुटण्याचे आणि वळण्याचे काम केरळात काय आणि लक्षद्वीपमध्ये काय, मुख्यत्वे स्त्रियांच्या हातचे होते. होडी सुताराची, प्रवास खलाशाचा आणि माल व्यापाऱ्याचा असे आपण लिहितो. त्या होडीच्या फळ्या ज्या दोरीने एकत्र राहिल्या ती दोरी घराच्या अंगणात बसलेल्या बायकांनी वळलेली असे, हे लिहावयाचे मात्र राहून गेले.

शिवणीनंतर तेलाचा क्रम लागतो. ११८३ साली हज यात्रेस निघालेला इब्न जुबैर हा अंदलुसी प्रवासी तांबड्या समुद्राच्या काठी ऐधाब येथे पोहोचला आणि तेथल्या शिवलेल्या नावा त्याने बारकाईने पाहिल्या. त्याने लिहून ठेवले आहे की, या नावा काथ्याने शिवतात, खजुराच्या ढलप्यांनी त्यांच्या फटी बुजवितात आणि मग त्यांस तूप, एरंडेल किंवा मुशीचे तेल चोळतात. यांपैकी मुशीचे तेल सर्वांत उत्तम. लाकूड मऊ आणि लवचीक राहावे, म्हणजे खडकाळ समुद्रात ते चटकन फुटू नये, हे त्याचे प्रयोजन असल्याचेही तो सांगतो. तेल हे केवळ पाणी रोखण्यासाठी नसून लाकडाला लवण्याचे सामर्थ्य देण्यासाठी आहे, हे मर्म त्या परक्या माणसाने अचूक टिपले.

आपल्या किनाऱ्यावर या तेलांचे प्रकार अनेक. मुशीच्या यकृताचे तेल आणि तारलीचे तेल हे मासेमाराच्या धंद्यातूनच निघे. उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यालाही चाले आणि होडीलाही. मलबारच्या धूपवृक्षाची राळ तेलात कढवून सांध्यांवर ओतीत. काजूच्या टरफलांचे काळे, दाहक तेल तर होडीसाठीच जन्मले असावे असे वाटते. ते अंगावर उडाले तर फोड येतात आणि लाकडास लावले तर किडा त्याला सहसा तोंड लावीत नाही. मात्र या काजूच्या तेलाचे वय फार नाही. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. म्हणजे कोकणातल्या वा मलबारातल्या ज्या काळ्या तकाकीला आपण परंपरागत म्हणतो ती चारएकशे वर्षांपलीकडची असू शकत नाही. परंपरा ही जुने तेवढे धरून बसत नाही. हाताशी आलेले नवे द्रव्य उपयोगी ठरले तर ते बेधडक आपलेसे करते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

पाण्याखालच्या अंगाला चुना आणि चरबी किंवा चुना आणि तेल यांचा थर देत. त्याचा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री किडा. त्याला आपण किडा म्हणतो, पण वस्तुतः तो शिंपल्याच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे. तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदे खणीत वाढतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि एके दिवशी हाताच्या दाबाने तिचा भुगा होतो. त्यावर तीन उपाय होते. एक चुन्याचा थर; दुसरा होडी मधूनमधून नदीच्या गोड्या पाण्यात नेणे; आणि तिसरा, सर्वांत सोपा, तिला किनाऱ्यावर ओढून घेणे. पावसाळ्यात समुद्र खवळला की कोकणात होड्या वर घेतात आणि झावळ्यांनी शाकारतात. ही सक्तीची विश्रांती होडीला दुहेरी लाभाची ठरे. किडा कोरड्या लाकडात मरे, आणि माणसांना सैल झालेले टाके काढून नवे घालावयास, तेल पाजावयास अवसर मिळे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होई तेव्हा पाण्यात उतरणारी होडी एका अर्थाने दरवर्षी नवी असे.

आता होडीच्या साजाविषयी. वल्हे, पाणी उपसण्याची करवंटी, नांगराचा दगड, डोलकाठी, परबाण आणि त्रिकोणी शीड हा तिचा संसार. परंतु रत्नागिरी-मालवणपासून गोव्याच्या बाजूपर्यंतच्या अरुंद होडीचा खरा अलंकार म्हणजे उलांडी. होडीच्या एका अंगास दोन वाकडी लाकडे आडवी बांधतात आणि त्यांच्या टोकांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका समांतर जोडतात. तो पाण्यावर तरंगत राहतो. होडी त्या बाजूस कलू लागली तर ओंडक्याचा तरंग तिला वर उचलतो; विरुद्ध बाजूस कलू लागली तर त्याचे वजन तिला मागे ओढते. हात-दीड हात रुंदीची होडी जी लाट एरवी पेलू शकली नसती ती या एका ओंडक्याच्या बळावर पेलते. उलांडीही खिळ्याने ठोकीत नाहीत. ती दोरीने बांधतात, म्हणजे लाटेबरोबर तिला किंचित खेळता येते आणि होडी वर ओढताना सोडता येते.

मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय नावांच्या आकारांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या उलांडीकडे विद्वानांचे लक्ष वेधले. उलांडी कोकणात आहे, दक्षिण टोकाजवळ आणि सिंहलद्वीपात आहे. मधल्या मलबारात मात्र नाही. पूर्वेकडे पाहावे तर इंडोनेशियापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत तिचे राज्य पसरलेले. यावरून फार प्राचीन काळी पूर्वेकडील दर्यावर्दी लोक आपल्या किनाऱ्यावर आले असावेत आणि ही युक्ती त्यांच्याकडून आली असावी, असा तर्क त्यांनी केला. तो सर्वस्वी मान्य करावा की नाही हा पंडितांचा प्रश्न आहे. पण कोकणातल्या एका बांधलेल्या ओंडक्यावरून अर्ध्या पृथ्वीच्या स्थलांतराचा विचार करावा लागतो, एवढे तर खरेच.

ज्या तक्रारींचा आरंभी उल्लेख केला त्यांकडे आता वळता येईल. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या शिवलेल्या नावा पाहिल्या आणि त्यांत लोखंड नाही, त्यांना डांबराऐवजी माशाचे तेल लावतात, त्या पुष्कळदा बुडतात, असे सांगून त्यांस टाकाऊ ठरविले. त्याच सुमारास, १२९२-९३ मध्ये, कोरोमंडल किनाऱ्यावर आलेला जॉन ऑफ मॉंतेकोर्व्हीनो हा ख्रिस्ती धर्मोपदेशक याहून कडक होता. या नावा कपड्यासारख्या दोऱ्याने शिवलेल्या आणि दुबळ्या आहेत, दोरा तुटला की संपले, आणि म्हणून समुद्रावर जावयाचे तर वर्षातून एकदा त्यांची डागडुजी करावी लागते, असा त्याच्या पत्राचा आशय आहे.

मॉंतेकोर्व्हीनोची साक्ष खोटी नाही. त्याचा निवाडा मात्र घाईचा आहे. वर्षातून एकदा करावी लागणारी डागडुजी त्याला दोष वाटली. ज्या किनाऱ्यावर पावसाळा वर्षातले काही महिने समुद्र बंद करून टाकतो तेथे ती डागडुजी हा निसर्गाने नेमून दिलेलाच हप्ता होता. लोखंड का नाही, यासाठी आपल्याकडे एक शास्त्रार्थही सांगत. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथात समुद्रगामी नावेस लोखंड वर्ज्य केले आहे, कारण समुद्रातील चुंबकाचे खडक तिला ओढून घेतील. ही भीती काल्पनिक होती. खरे कारण चौदाव्या शतकात इब्न बतूताने साध्या शब्दांत नोंदविले आहे : खिळ्यांची नाव खडकावर आदळली तर फुटते, दोरीने शिवलेली नाव लवते आणि वाचते. मुशीच्या तेलाविषयी इब्न जुबैरने जे म्हटले तेच हे. शिवण आणि तेल ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. जेथे गोदी नाही, धक्का नाही, जेथे होडी फुटत्या लाटांतून वाळूवर येऊन आदळावयाची आणि उद्या पुन्हा त्याच लाटांतून निघावयाची, तेथे लवणे हाच बळकटपणा होय.

तथापि पुढे खिळ्याचीच सरशी झाली, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या जहाजांवर तोफा चढविण्याचे युग सोळाव्या शतकात आले आणि तो भार व धक्का शिवणीला पेलण्यासारखा नव्हता. लहान होडीत शिवण त्यानंतरही चारशे वर्षे टिकली. १९५२ साली झालेल्या भारत-नॉर्वे करारानंतर केरळात कोल्लमजवळ यांत्रिक होड्यांचा प्रकल्प सुरू झाला. यंत्राची थरथर आणि काथ्याची शिवण यांचे जमणे कठीण. त्यामागून काचतंतूची होडी आली. तिला तेल नको, टाका नको, किडा तिच्या वाटेला जात नाही. दर पावसाळ्यात पाठ मोडेपर्यंत टाके ओढणाऱ्या कोळ्याला तिचा मोह पडला तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आरामखुर्चीत बसून होडीचा इतिहास लिहिणाऱ्यास नाही.

हानी झाली ती वेगळ्या ठिकाणी. टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशाने १९८० साली ओमानमधील सूर येथे जुन्या अरबी पद्धतीची शिवलेली नाव बांधावयास घेतली. तिला ‘सोहार’ असे नाव दिले. लाकूड मलबारहून आणले. ते पुन्हा आयनीच होते. पण ती शिवणार कोण? अरबी किनाऱ्यावर ती विद्या लोपली होती. शेवटी लक्षद्वीपचे कारागीर बोलवावे लागले आणि त्यांचे पुढारी होते मिनिकॉयचे अली मणिकफान. सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांबीची काथ्याची दोरी त्या एका नावेत गेली. तिच्या बुडाला चुना आणि चरबी यांचाच लेप दिला. नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघालेली ‘सोहार’ जुलै १९८१ मध्ये चीनमधील ग्वांगझू बंदरात सुखरूप पोहोचली. मॉंतेकोर्व्हीनोला यापेक्षा सविस्तर उत्तर देता आले नसते. मणिकफान यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लोतिका वरदराजन यांनी लक्षद्वीपच्या शिवलेल्या नावांवर १९९८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही या विद्येला मिळालेला मोठाच आधार होय. अगदी अलीकडे, अजिंठ्याच्या चित्रातील नौकेवरून बेतलेली एक शिवलेली नाव गोव्यात बांधण्यात आली. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांनी तिचे टाके घातले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ती भारतीय नौदलात दाखल झाली.

या गोष्टीचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण तिच्यातला इशाराही ऐकला पाहिजे. १९८० साली ओमानला आपल्याकडे माणसे मागावी लागली, कारण तेथे टाका ओढणारा हात उरला नव्हता. लाकडाचे माप कागदावर उतरविता येते. कोणता टाका पुरेसा घट्ट झाला, कढत्या राळेचा कोणता रंग उतरण्याचा, लाकडाने तेल किती प्याले म्हणजे पुरे, हे ज्ञान दरवर्षी पावसाळ्यात पुन्हा पुन्हा करण्याने हातात राहत असे. मॉंतेकोर्व्हीनोला जी वार्षिक डागडुजी दोष वाटली तीच या विद्येची शाळा होती. डागडुजीची गरज संपली त्या वर्षी शाळाही बंद झाली, आणि एका पिढीच्या आत शिकविणारे हात मोजके उरले.

सांचीच्या त्या शिल्पकाराने होडीवर टाके का कोरले असावेत? कथेला त्यांची गरज नव्हती. नुसती होडी दाखविली असती तरी काश्यपाचा प्रसंग कळला असता. मला वाटते, त्याने डोळ्यांनी पाहिलेली होडी तशीच होती आणि टाक्यांवाचून ती त्याला अपुरी वाटली. बेतवेच्या खोऱ्यातल्या त्या कारागिराला दुसऱ्या कारागिराचे श्रम दिसले आणि त्याने ते दगडात नोंदवून ठेवले. त्यानंतरच्या दोन हजार वर्षांत आपल्या लिहिणाऱ्यांनी एवढी दखलही क्वचितच घेतली. ‘कौंडिण्य’च्या दोऱ्याही केव्हातरी झिजतील. त्या वेळी त्या बदलणारी माणसे आपल्याच किनाऱ्यावर मिळतील, एवढी तजवीज तरी आपल्या पिढीकडून व्हावी.